नर्सिंगला जायचंय? कोकणातल्या नववी ते बारावीच्या मुलांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. नर्सिंगबद्दलचे प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा बारावीचा निकाल हातात आल्यावर येतात, आणि निम्म्या प्रश्नांचं खरं उत्तर "हे गेल्या वर्षी करायला हवं होतं" असं असतं. ते तोंडावर सांगणं जड जातं. म्हणून हे सगळं आधीच लिहून ठेवते आहे. प्रश्न मुलांचा असेल तिथे "तू" म्हटलंय, पालकांचा असेल तिथे "तुम्ही".

नर्सिंगला जायचं हे कधी ठरवावं?

दहावीत. फार तर अकरावीच्या दिवाळीपर्यंत.

आपल्याकडे बहुतेक घरांत नर्सिंग हा उरलासुरला पर्याय असतो. आधी डॉक्टरकी, मग फार्मसी, ते नाही जमलं तर "निदान नर्सिंगला तरी टाकू." हा "निदान" मला अजिबात आवडत नाही, पण ते बाजूला ठेवू. व्यवहाराची गोष्ट अशी की नर्सिंगची तीन दारं बारावीच्या निकालाआधीच बंद होतात. पहिलं विषयांचं, ते अकरावीच्या प्रवेशाला. दुसरं दाखल्यांचं, त्यातला एक हाती यायला महिनोन्‌महिने लागू शकतात. तिसरं सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, अर्जाचं, आणि तो भरायची मुदत साधारण बारावीच्या परीक्षेच्या आसपासच संपते. निकालानंतर जागी होणारी मुलं हुशार असूनही बाहेर राहतात ती या तिसऱ्या दारापाशी.

एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. यांत फरक काय? शेवटी सगळ्या सिस्टरच ना?

हाक सगळ्यांना सिस्टर अशीच मारतात, पण वाटा वेगळ्या आहेत.

बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमापासून ती आठ सत्रांत विभागलेली आहे. बारावी शास्त्र, आणि त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी हे विषय लागतातच. आपल्या राज्यातली बहुतेक कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

जीएनएम ही तीन वर्षांची पदविका. बारावी कुठल्याही शाखेची चालते, निदान ४० टक्के गुण आणि इंग्रजीत पास हवं. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी घेता येते, म्हणजे कला शाखेतून आलेल्या मुलीलाही पदवीचं दार बंद नाही. वेळ एका वर्षाने जास्त जातो इतकंच.

एएनएम दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी. आपल्या वाडीच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई, म्हणजे आरोग्यसेविका, या शिक्षणातून आलेल्या असतात. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, घरभेटी हे त्यांचं काम.

तिन्हींना वयाची अट एकच: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण. शाळेत लवकर घातलेल्या मुलांनी एवढं तपासून घ्यावं.

माझं मत विचाराल तर शास्त्र शाखा झेपत असेल तर बी.एस्सी.च धरावी. पुढे वॉर्डातली बढती, शिकवण्याची नोकरी, एम.एस्सी., आरोग्य केंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी ही पदं, बाहेरदेशी जाणं, सगळीकडे पदवीवाल्याला रांगेत पुढचा नंबर मिळतो.

अकरावीला कोणते विषय घेऊ? गणित सोडलं तर चालेल?

चालेल. नर्सिंगला गणित हा विषय लागत नाही. जीवशास्त्र मात्र सोडू नकोस, आणि इथेच गोंधळ होतो. काही कनिष्ठ महाविद्यालयांत बायफोकलचा, म्हणजे व्यवसाय शिक्षणाचा, विषय मिळतो, त्याला २०० गुण असतात आणि मुलं गुण मिळतात म्हणून तो घेतात. बायफोकल घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय जातो. तो ऐच्छिक विषय जीवशास्त्र असेल तर बी.एस्सी. नर्सिंगचा विषयच संपला. प्रवेशाचा अर्ज भरताना चारही विषय बोट ठेवून वाच.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे. गावाजवळचं कॉलेज आपोआप मिळेल असं धरू नये. पसंतीक्रम देताना एसटीची वेळ बघ. सकाळची प्रॅक्टिकलची बॅच आणि पहिली गाडी यांचा मेळ बसत नसेल तर दोन वर्षं प्रॅक्टिकलच्या गुणांना कात्री लागते, आणि शास्त्राच्या प्रत्येक विषयात ते गुण १०० पैकी ३० आहेत.

गणित विषय नसला तरी त्रैराशिक पक्कं हवं. पाचशे मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचंय, सेटमधून वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तर मिनिटाला किती थेंब? पाचशे गुणिले वीस, भागिले दोनशे चाळीस: साधारण ४२. सातवीतलं गणित आहे हे. पण रात्री तीन वाजता, समोर नातेवाईक उभे असताना, ते चुकता कामा नये.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. इंग्रजीचं काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि सगळ्यात दबक्या आवाजात.

अकरावी शास्त्राची पुस्तकं इंग्रजीत, शिकवणं अर्धं मराठीत अर्धं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला पहिले तीन-चार महिने वर्गात काय चाललंय तेच कळत नाही. ती मठ्ठ नसते. तिला पेशी माहीत असते, परासरण माहीत असतं, वृक्क माहीत असतं. समोर सेल, ऑस्मॉसिस, किडनी असं येतं आणि ती गप्प बसते. दहावीची परीक्षा संपल्यावर अकरावी सुरू होईपर्यंत मोकळे महिने असतात. त्यांचा उपयोग असा करावा: आठवी, नववी, दहावीच्या विज्ञानाच्या मराठी पुस्तकाशेजारी तेच पुस्तक इंग्रजी माध्यमाचं ठेवायचं. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट मिळतात. एकच धडा दोन्हींत वाचायचा, संज्ञांची वही करायची. त्या वहीत अर्थ लिहू नकोस, आकृती काढ आणि भागांना दोन्ही नावं दे. अर्थ तुला आधीच येतो.

दुसरं, इंग्रजी वाचून कळणं आणि इंग्रजीत लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. वॉर्डात नर्सला लिहावं लागतं: रुग्णाने काय खाल्लं, लघवी किती झाली, ताप किती वाजता उतरला, डॉक्टरांना कधी कळवलं. छोटी, सरळ वाक्यं. याचा सराव घरात करता येतो. आजीची गुडघेदुखी किंवा भावाचा ताप, रोज चार ओळी इंग्रजीत, भूतकाळात लिही. व्याकरण चुकलं तरी वेळ आणि आकडा चुकवू नकोस.

इंग्रजी बोलायला घाबरणाऱ्यांसाठी एक दिलासा. रुग्णाशी बोलायचं असतं ते त्याच्याच बोलीत. मालवणीत "खंय दुखता?" असं विचारलं की म्हातारं माणूस खरं सांगतं. पुस्तकी मराठीत विचारलं की "काय नाय, बरा हा" म्हणून मोकळं होतं. ती बोली तुला येते, हे मोठंच भांडवल आहे. इंग्रजी नंतर शिकता येतं.

बी.एस्सी.ला बारावीत किती टक्के लागतात? आमच्या मंडळाचा निकाल तर राज्यात पहिला असतो.

असतो, कोकण मंडळाचा निकाल वर्षानुवर्षं वरच असतो. पण तो उत्तीर्णांचा आकडा आहे. प्रवेशाच्या यादीत तुमच्या मुलीचे गुण मोजतात, मंडळाचे नाही.

खुल्या प्रवर्गाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मिळून ४५ टक्के लागतात, आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे पास. म्हणजे ३०० पैकी १३५. मागासवर्गीय उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. आकडा छोटा दिसतो खरा. पण भौतिकशास्त्रात ३६, रसायनशास्त्रात ३८ आणि जीवशास्त्रात ६० मिळाले तर बेरीज १३४ होते. मुलगी सगळ्या विषयांत पास, मराठीत ८०, घरात पेढे, आणि एका गुणाने अपात्र. जीवशास्त्र आवडतं म्हणून त्यातच रमणाऱ्या मुली भौतिकशास्त्रात अशा सापडतात. प्रॅक्टिकलची जर्नल वेळेवर पूर्ण करा, एवढ्या एका गोष्टीने ही बेरीज सुधारते.

सीईटीत काय असतं? आमच्या तालुक्यात क्लासच नाही.

बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या नर्सिंग सीईटीतून होतो. परीक्षा संगणकावर, ९० मिनिटं, १०० प्रश्न, १०० गुण. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारा भाग, प्रत्येकी २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. जीएनएम, एएनएमसाठी त्या वर्षाची माहितीपुस्तिका सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून वाच. शेजारच्या ताईचा तीन वर्षांपूर्वीचा अनुभव चालत नाही, नियम बदलत आलेत.

क्लास नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नये. शंभरातले वीस गुण इंग्रजीचे आणि वीस कलाचे, त्यांना कुठलाच क्लास फारसं काही देत नाही. उरलेले साठ राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून निघतात. खरी चूक दुसरीकडेच होते. अकरावीला बोर्ड नाही म्हणून मुलं ते वर्ष सोडून देतात. आणि शरीराचे कितीतरी धडे अकरावीतच आहेत: मानवी पोषण, उत्सर्जन, सांगाडा आणि हालचाल. श्वसन, रक्ताभिसरण, नियंत्रण आणि समन्वय, आरोग्य आणि रोग हे बारावीत. ही दोन्ही वर्षं जोडून वाचली की शरीर पूर्ण होतं. बी.एस्सी.च्या पहिल्याच सत्रात शरीररचना आणि शरीरक्रिया समोर येते, तेव्हा अकरावी गाळलेली मुलं पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहतात.

कल तपासणाऱ्या भागात दोन तऱ्हेचे प्रश्न भेटतात: साधी तर्कबुद्धी, आणि "अशा वेळी नर्सने काय करावं?" दुसऱ्या प्रकारात मुलं फार दयाळू उत्तर निवडतात. बहुतेक वेळा बरोबर उत्तर दयाळू नसतं, शिस्तीचं असतं: आधी रुग्ण सुरक्षित करा, मग वरिष्ठांना कळवा, मग नोंद करा. स्वतःच्या मनाने औषध देणारी नर्स कितीही प्रेमळ असली तरी ते उत्तर चूक.

अभ्यासाचं वेळापत्रक करताना आपल्याकडचं पंचांग विसरू नकोस. गणपतीत आठ-दहा दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं. शिमग्याला पालखी दारात, आणि नेमकी त्याच सुमारास बोर्डाची परीक्षा. उन्हाळ्यात आंबा-काजूची धावपळ, घरातले सगळे हात बागेत, आणि मधेच सीईटी. घरच्यांना तारखा आधी सांगून ठेव. पालखीला नाचायला पुढच्या वर्षी मिळेल, असं तुझ्याऐवजी आजीने म्हटलं तर घर ऐकतं.

नीट द्यावी लागते का?

राज्यातल्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी नाही.

सैन्यदलाच्या नर्सिंगसाठी मात्र लागते. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या चार वर्षांच्या बी.एस्सी.ला अविवाहित मुलींना नीटच्या गुणांवर बोलावतात. देशात अशी सहा कॉलेजं आहेत, त्यातलं एक मुंबईत कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात आणि एक पुण्याला एएफएमसी या सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात. बारावी पहिल्याच प्रयत्नात, शास्त्र विषय आणि इंग्रजी घेऊन, निदान ५० टक्क्यांनी पास व्हावं लागतं. शिक्षण झालं की लेफ्टनंट म्हणून नेमणूक. कोकणात घराघरांत फौजी आणि नौदलवाले आहेत, तरी मुलींना ही वाट माहीत नसते याचं मला नवल वाटतं.

दाखले कोणते आणि कधी काढायचे?

अकरावीत. हे उत्तर लांब होणार आहे, कारण प्रवेश अभ्यासाने जातात त्याहून जास्त कागदांनी जातात.

साधे कागद आधी: दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. यातले शेवटचे दोन सेतू केंद्रात किंवा आपले सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज केला की मिळतात. जून-जुलैत तिथे गर्दी असते, पावसात वीज जाते, सर्व्हर बसतो. दिवाळीच्या सुट्टीत काढा.

आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळतं. अर्ज ऑनलाइन भरून कनिष्ठ महाविद्यालयाच्या पत्रासह द्यायचा. अनुसूचित जमातींची समिती वेगळी, आपल्या भागाचं काम ठाण्याहून चालतं, त्यामुळे कातकरी, ठाकर, महादेव कोळी मुलांनी आणखी आधी सुरुवात करावी.

समितीला जुना पुरावा हवा असतो. कुणबी, भंडारी यांच्यासारख्या इतर मागासवर्गातल्या घरांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. म्हणजे मुलीचा किंवा वडिलांचा नव्हे, आजोबा-पणजोबांचा कागद. आणि कोकणातली गंमत अशी की आजोबा शिकले गावच्या शाळेत, वडिलांचा दाखला मुंबईच्या महापालिका शाळेतला, मुलगी पुन्हा गावात. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा मागा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंद, शोधा. चुलत्यांपैकी, आत्यांपैकी कुणाची वैधता आधी झाली असेल तर ती सोन्यासारखी आहे. वडिलांकडच्या नात्यातल्या वैधतेचा आधार मिळतो, वंशावळ जोडावी लागते. भाऊबंदकीत बोलणं बंद असेल तर या निमित्ताने सुरू करा.

इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना नॉन-क्रिमीलेअरही लागतं आणि ते प्रवेशाच्या वर्षी चालू असावं लागतं. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला दरवर्षी नवा.

नाव जुळत नसेल तर ते आत्ताच दुरुस्त करा. आधारवर आईचं नाव एक, दाखल्यावर दुसरं. आडनाव गावाकडे एक, मुंबईकडे दुसरं. बारावीचं गुणपत्रक छापून आल्यावर ही दुरुस्ती फार तापदायक होते.

खर्च किती येतो? आमची अर्धा एकर जमीन आणि मासळीची विक्री.

सरकारी कॉलेज आणि खासगी कॉलेज यांच्या शुल्कात मोठी तफावत असते. त्यामुळे आकड्यापेक्षा सवलत समजून घ्या.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के सरकार भरेल. अट महत्त्वाची: प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर ही सवलत गेली. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप वेगळी आहे. सगळे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर.

वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं, गाडीभाडं मात्र खिशातून. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघा, ती अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. कोकणात दहा-पंधरा गुंठेवाले सगळेच अल्पभूधारक, पण सातबारावर पंचवीस नावं असतात म्हणून दाखला काढायला लोक कंटाळतात. कंटाळू नका, तलाठ्याकडे जा.

एकजण म्हणतो, सीईटी नको, थेट प्रवेश करून देतो. दुसरा म्हणतो, सहा महिन्यांत नर्स. खरं काय?

दुसऱ्याचं आधी सांगते. सहा महिन्यांत किंवा वर्षात कुणीही नोंदणीकृत नर्स होत नाही. नर्सिंग असिस्टंट, पेशंट केअर, जनरल ड्युटी असिस्टंट असे अभ्यासक्रम असतात. काही चांगलेही असतात, त्यातून रुग्णालयात मदतनीस म्हणून काम मिळतं. पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे सरकारी भरती नाही, परदेश नाही, पगाराला वरची पायरी नाही. पांढरा गणवेश आणि भिंतीवरचा मोठा फ्लेक्स बघून पैसे भरलेल्या मुली मला भेटतात. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर अशा बोर्डांची कमी नाही.

थेट प्रवेशवाला बहुतेक वेळा परराज्यातल्या कॉलेजचं नाव घेतो. परराज्यात चांगली कॉलेजं आहेतच. पण पैसे देण्याआधी विचारा: भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नाव आहे का? त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता? कुठल्या विद्यापीठाशी संलग्न? बी.एस्सी.च्या कॉलेजला स्वतःचं निदान शंभर खाटांचं रुग्णालय असावं लागतं, ते कुठे आहे? शेवटचा प्रश्न विचारला की एजंट विषय बदलतो. रुग्णालय नसलेल्या ठिकाणी मुली तीन-चार वर्षं पुतळ्यावर इंजेक्शन देत बसतात. मूळ गुणपत्रक कुणाच्या हातात ठेवू नका, पावतीशिवाय रुपया देऊ नका.

कोकणात कॉलेजं आहेत का? की मुंबई-गोवाच?

आहेत. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या आवारात नर्सिंगचं शिक्षण चालतं. रायगडच्या टोकाला कामोठ्याला एमजीएमचं कॉलेज आहे. जिल्हा रुग्णालयांना जोडून परिचर्या प्रशिक्षण केंद्रं आहेत. शिवाय रायगड (अलिबाग), रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत, त्यामुळे शिकायलाही आणि पुढे नोकरीलाही मोठी रुग्णालयं जवळ आली. मुंबईत जे.जे. रुग्णालयाची परिचर्या संस्था आणि एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज ही जुनी नावं.

सिंधुदुर्गातली मुलं गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी नर्सिंग कॉलेजचं विचारतात, कारण तिथले रुग्ण गोव्यालाच जातात. गोव्यातल्या सरकारी जागा मुख्यतः गोव्याच्या रहिवाशांसाठी असतात, त्यामुळे त्या भरवशावर महाराष्ट्राची सीईटी सोडू नये.

मला रक्त बघून चक्कर येते.

पहिल्यांदा अनेकांना येते. बहुतेकांची काही आठवड्यांत जाते. पोटात काही खाऊन जायचं, गुडघे ताठ करून उभं राहायचं नाही, चक्कर वाटली तर लाज न बाळगता खाली बसायचं.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच मुलांची. रक्ताला घाबरत नाहीत, पण आजारी माणसाचा वास, थुंकी, विष्ठा याची ज्यांना घृणा येते आणि ती तोंडावर दिसते. घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर त्यांची चादर बदलून, अंग पुसून बघ. नको वाटलं तर कमीपणा नाही. लॅब टेक्निशियन आहे, फार्मसी आहे, त्या वाटा मोकळ्या आहेत.

सुट्टीत काय करू म्हणजे पुढे उपयोग होईल?

गावच्या आशाताईंना विचारून त्यांच्याबरोबर फीर. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर मदतनीस लागतातच. उपकेंद्रातल्या सिस्टर गरोदर बाईचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन कसं बघतात ते बघ. हात लावायचा नाही, रुग्णाचं नाव घरी येऊन सांगायचं नाही. ही दुसरी गोष्ट वाडीत पाळणं अवघड जातं, आणि नर्सिंगमध्ये ती पहिली शिकवतात. कनिष्ठ महाविद्यालयात एनएसएस असेल तर नाव घाल.

आणि आपल्या भागातले आजार वाच. भातलावणीत चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) का होतो? २०१६ मध्ये दोडामार्गकडे माकडताप पसरला तो गोचिडीमुळे, म्हणजे काजूच्या बागेत जाताना अंग का झाकायचं? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरत होती. विषामुळे अनुकंपी चेतासंस्था खवळते, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरतं, हे बघत त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरात आणलं आणि मृत्यू कमालीचे घटले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. बारावीचा "नियंत्रण आणि समन्वय" हा धडा मी याच विंचवापासून शिकवते. असा रुग्ण आला की नाडी आणि रक्तदाब तासागणिक बघत बसावं लागतं, आणि ते बघणारी व्यक्ती नर्स असते.

मुलगा आहे. नर्सिंगला पाठवला तर लोक हसतील.

हसतील, दोन वर्षं. मग आपल्या पोराचं कसं करायचं ते विचारायला येतील. बी.एस्सी. आणि जीएनएम दोन्ही मुलांना खुलं आहे, वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात. आयसीयू, अपघात विभाग, मनोरुग्ण विभाग इथे त्यांना मागणी असते. अडचणही सांगते: काही भरत्यांमध्ये मुलांच्या जागा कमी ठेवलेल्या असतात. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के महिला आणि २० टक्के पुरुष असं प्रमाण आहे. शिवाय वर सांगितलेली शंभर टक्के शुल्कमाफी मुलींना आहे, मुलाच्या बाबतीत खर्चाचं गणित वेगळं मांडा.

रात्रपाळी, परगावचं वसतिगृह, मग लग्नाचं काय?

रात्रपाळी असते. ते लपवून मुलीला पाठवू नका आणि त्याचं भूतही करू नका. नर्सिंगच्या विद्यार्थिनींची वसतिगृहं इतर कॉलेजांपेक्षा जास्त कडक असतात, मुली त्यालाच कंटाळतात. प्रवेशाआधी स्वतः जाऊन खोली, पाणी, रात्रपाळीहून परतताना सोबत कशी असते ते बघा, आणि शिकणाऱ्या मुलींशी वॉर्डनच्या गैरहजेरीत बोला. लग्नाच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: कायम नोकरीतल्या अधिपरिचारिकेला (स्टाफ नर्सला) स्थळं शोधावी लागत नाहीत. उलट कुणाला होकार द्यायचा हे ती ठरवते, आणि काही घरांना खरी भीती त्याचीच असते.

सीईटीचं केंद्र लांब आलं तर?

मिळेल ते केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याहून लांब असू शकतं. आदल्या दिवशी मुक्कामाला जा. घाटात दरड, रेल्वेला उशीर, एसटी बंद, यातलं कुठलंही कारण परीक्षा केंद्रावर ऐकून घेत नाहीत. प्रवेशपत्राची छापील प्रत दोन ठिकाणी ठेव, मूळ ओळखपत्र बरोबर घे. संगणकावर कधी परीक्षा दिली नसेल तर कॉलेजच्या संगणक कक्षात माउसने पर्याय निवडण्याचा, मागच्या प्रश्नावर परत जाण्याचा सराव करून जा. आमच्याकडे संगणक कक्षाची किल्ली शिपाईमामांकडे असते, शनिवारी दुपारी मागितली तर ते देतात.